नाबोरच्या दाराला तोरण

“डावीकडं घे. अजून थोडं. आता सोडलंस तर बघ,” आई खालून सांगत होती आणि मी बेकरीच्या बंद दारासमोर एका डुगडुगत्या स्टुलावर उभा राहून खिळा चाचपत होतो. नुकतं फटफटत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हातात झेंडूचं तोरण, दातांत सुतळी आणि अंगावर नगरपालिकेचं निळं जाकीट, असा माझा अवतार होता. कॅलिफोर्नियातल्या त्या शेतकी गावात मेक्सिकन बाईच्या दुकानाला दसऱ्याचं तोरण बांधणारा मी पहिलाच असेन.

झालं एकदाचं, आता कुंकूबिंकू नको, असं मी म्हणालो तर तिनं मलाच गप्प केलं. “दुकान लोकाचं असलं म्हणून काय झालं? उंबरा तो उंबराच,” म्हणत तिनं स्वेटरच्या खिशातून कुंकवाची कुयरी काढली आणि वाकून उंबऱ्यावर दोन बोटं ओढली. तिच्या माहेरी कोरेगावला पिठाची गिरणी होती. दसऱ्याला जातं धुऊन, हार घालून, गिऱ्हाइकाला साखर वाटल्याशिवाय गिरणीचा पट्टा फिरत नसे. जिथं चार माणसांचं पोट भरतं त्या दाराला दसऱ्याचं तोरण नाही म्हणजे काय, हा तिचा सवाल होता, आणि तिच्या सवालांना आमच्या घरात कधी कुणी उत्तर दिलेलं नाही.

तोरणाच्या वर पाटी होती. पिवळ्या भिंतीवर लाल अक्षरांत, पानादेरिया नाबोर. पानादेरिया म्हणजे बेकरी, आणि नाबोर हा मालकिणीचा मुलगा.

ती पाटी आणि ती पिवळी भिंत ह्यांवरून मालकिणीचं आणि माझं सगळा उन्हाळा चाललं होतं. मी त्या वर्षी नुकताच तिथं नोकरीला लागलो होतो. हायवेला एक भलंमोठं दुकान झालं आणि गावातल्या मुख्य रस्त्यावरची छोटी दुकानं एकेक करत बसायला लागली. दुकानदार बहुतेक मेक्सिकोहून आलेले. कुणाचं केस कापायचं दुकान, कुणाचं बूट दुरुस्तीचं, एक बाई लग्नाचे झगे शिवायची. त्यांना उभं करायला नगरपालिकेनं योजना काढली होती. फळं भरायच्या जुन्या गोदामात नवा बाजार, त्यात प्रत्येकाला गाळा, नवी यंत्रं, नवी पाटी. गावाचा पैसा गावात फिरला पाहिजे, असं आमच्या साहेबबाई म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. मला कामापुरतं स्पॅनिश येत होतं, म्हणून दारोदार फिरून लोकांना पटवायचं काम माझ्याकडे आलं.

सगळे पटले. दोन्या एलोदिया तेवढ्या पटेनात. दोन्या म्हणजे आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानानं काकू म्हणतात तसंच. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, हातांना कोपरापर्यंत पीठ. गाव सकाळी घराबाहेर पडायचं ते त्यांच्या पावासाठी. त्या आल्या नाहीत तर नवा बाजार चालणार नव्हता, आणि बाकीचे हलल्यावर ह्या जुन्या रस्त्याला कुणी फिरकणार नव्हतं, म्हणजे त्यांचंही दुकान बुडणार होतं. हे मी त्यांना नाना परींनी सांगून पाहिलं. त्या ऐकून घ्यायच्या, एक गोड पाव पुढं करायच्या आणि नाही म्हणायच्या. जागा सोडणार नाही, भिंतीचा रंग बदलणार नाही, पाटी उतरवणार नाही.

एकदा मी जरा चिडूनच विचारलं, की दोन्या, त्या पाटीत असं आहे तरी काय? तेव्हा त्यांनी हातातलं पीठ झटकलं आणि सांगितलं. मेक्सिकोहून त्या स्वतः आधी आल्या होत्या आणि मुलगा मागून यायचा होता. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं फोन केला. त्यांनी त्याला सांगितलं, की दुकान मिळालंय, पाण्याच्या टाकीसमोर आहे, भिंत पिवळी आहे आणि वर तुझं नाव लिहून घेतेय, चुकणार नाहीस. तो हसला होता. मग तो त्यांच्या गावातल्या दोघांबरोबर सरहद्दीच्या वाळवंटातून निघाला. ते दोघं पोहोचले. नाबोरचा पाय मुरगळला होता, तो मागं बसून राहिला, एवढं त्यांनी सांगितलं. पुढं काहीच कळलं नाही. ना माणूस, ना निरोप. चौकशीला त्या जिथं जिथं जाता येईल तिथं जाऊन आल्या होत्या.

“फोनचा नंबर तेव्हाच्या खोलीचा होता, ती खोली सुटली,” त्या म्हणाल्या. “त्याच्या डोक्यात राहिलं असेल तर एवढंच. टाकी, पिवळी भिंत, स्वतःचं नाव. ते मी पुसून टाकू?”

ह्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी शेवटच्या ताटातला एक पाव त्या कागदी पिशवीत घालून गल्ल्यामागच्या खुंटीला अडकवत. वरच्या बाजूला साखरेची नक्षी असलेला, गोल. तो नाबोरचा. रात्रीतून आला तर उपाशी नको. सकाळपर्यंत आला नाही तर पहिलं गिऱ्हाईक येईल त्याला ती पिशवी द्यायची, फुकट. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे. ऑफिसला जाता जाता मी लवकर पोहोचलो की कधीकधी ती पिशवी मला मिळायची. पहिल्यांदा मिळाली तेव्हा पाव न खाता तसाच घरी नेला. मग सवय झाली, माणसाला कशाचीही होते.

ऑगस्टात आई आली. मी ऑफिसला गेलो की ती घरात एकटी, म्हणून तिला एक दिवस बेकरीत बसवून गेलो. परत आलो तर ती ओट्यापाशी कणीक तिंबत होती आणि दोन्या शेजारी उभ्या राहून तिला स्पॅनिशमध्ये काहीतरी मन लावून सांगत होत्या. आई “व्हय तर, व्हय तर” म्हणत मान डोलवत होती. त्या दिवसापासून रोज दुपारी ती तिथंच. एक शब्द एकमेकींचा कळत नव्हता. मला मात्र दोघी सांगायच्या की तिला माझं सगळं कळतं. आई अंडं खात नाही हे खुणांनी कळल्यावर दोन्यांनी तिच्यासाठी बिनअंड्याचा, तेलातला पाव वेगळा भाजायला सुरुवात केली. आईनं त्यांना दशम्या शिकवल्या. त्या काही नीट जमल्या नाहीत, पण आई त्याबद्दल चांगलंच बोलायची, आणि आई सुनांच्या स्वयंपाकाबद्दलही सहसा चांगलं बोलत नाही.

नाबोरचं मी आईला सांगितलं तेव्हा तिनं देवापुढं दिवा लावला. मग म्हणाली, “दसऱ्याला तिच्या दाराला मी तोरण बांधते. तोरणाच्या दारी माणूस येतंच.”

मी म्हटलं, झेंडू कुठनं आणणार? तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावच्या चौकात झेंडूचे ढीग लागलेले. त्या वर्षी दसरा उशिरा, ऑक्टोबर संपता संपता आला होता. ट्रकांच्या मागच्या फळ्या पाडून माणसं फुलं विकत होती, बादल्याच्या बादल्या, गर्द केशरी. आईला आनंदानं काही सुचेना. इथंसुद्धा दसरा करतात की रे, असं ती म्हणाली. यांचा काहीतरी सण असेल, असं मी म्हटलं. गावातला माझा तो पहिलाच ऑक्टोबर होता. एका म्हाताऱ्या फुलवाल्यानं आईचे पांढरे केस पाहिले, हातातल्या दोन बादल्या पाहिल्या, आणि टोपी काढून तिच्यापुढं मान लववली. पैसेही कमी घेतले. केवढी माणुसकी, म्हणून आई वाटभर त्याचं कौतुक करत आली. आंब्याची पानं मिळाली नाहीत, म्हणून तिनं आमच्या परसातल्या संत्र्याची पानं ओवली.

तर असं ते तोरण. मी स्टुलावरून उतरलो. आत दिवा लागला. दोन्या मागच्या दारानं येऊन केव्हाच्याच भट्टीपाशी होत्या. आता समोरचं दार उघडायची वेळ झाली होती. आईनं पदर सारखा केला. तिच्या मुठीत साखर होती आणि दुसऱ्या हातात सोनं म्हणून कसल्याशा झाडाची जोडपानं.

दार उघडलं. दोन्यांच्या हातात पावांचं ताट होतं. आधी त्यांना वास आला असावा, कारण वर बघायच्या आधीच त्या थांबल्या. मग त्यांनी वर पाहिलं. तोरण पाहिलं, त्याच्या वरची पाटी पाहिली. मग माझ्याकडं, माझ्या जाकिटाकडं, त्यावरच्या नगरपालिकेच्या शिक्क्याकडं. ताट त्यांनी हळूच आतल्या खुर्चीवर ठेवलं.

“कुठं सापडला?” त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. माझं स्पॅनिश कमी पडलं असं वाटून मी “काय म्हणालात?” असं विचारलं.

“तुम्ही सरकारातले. तुम्हाला आधी कळणारच,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता, समजुतीचा. उलट मलाच धीर देत होत्या. “सांगायला जड गेलं असेल. आईला घेऊन आलात, फुलं बांधलीत. चांगलं केलंत. असंच सांगावं. एवढं सांगा, एकटाच होता का?”

काहीतरी भयंकर चाललंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

“पाणी होतं का त्याच्यापाशी?” त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठं मला उमगलं, की त्या नाबोरबद्दल विचारत होत्या. मी अडखळत विचारलं, की दोन्या, ही फुलं म्हणजे तुमच्यात काय? त्यांनी लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. ही फुलं मेलेल्यांची. नोव्हेंबर लागला की घरातून गेलेली माणसं एका रात्रीपुरती परत येतात, आणि त्यांना दार सापडावं म्हणून दारात ही फुलं लावायची. वासावर ती नेमकी येतात. जिवंत माणसासाठी ही कुणी लावत नाही. म्हणून तर त्यांच्या दुकानाला कधी लावली नव्हती. गावभर झेंडू असायचा, नाबोरचं नाव असलेल्या दाराला एक पाकळीसुद्धा नाही.

मी सांगितलं. जेवढं नीट सांगता आलं तेवढं सांगितलं. काही बातमी नाही, कुणी काही कळवलेलं नाही, आज आमचा सण आहे, आमच्यात ही फुलं शुभ असतात, नव्या कामाला, दुकानाला, घरी येणाऱ्या माणसाला लावतात. तुमचा मुलगा परत यावा म्हणून आईनं बांधलंय. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा म्हातारा होत गेला.

“म्हणजे अजून काहीच माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

त्या दारातल्याच पिठाच्या पोत्यावर बसल्या. “आत्ता इथं उभी होते ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी देवाला म्हटलं, सुटला माझा पोरगा. आता त्याला ऊन लागत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बसावंसं वाटलं. आणि तुम्ही म्हणता, नाही.”

आयुष्यात इतकं परकं, इतकं निरुपयोगी मला पुन्हा कधी वाटलं नाही. आईला ह्यातलं अक्षर कळलं नव्हतं. दोन्यांच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिचंही मन भरून आलं होतं. ती पुढं झाली, त्यांच्या पिठाळ तळहातावर साखर ठेवली, जोडपान ठेवलं आणि म्हणाली, “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. येतोय बघा तुमचा लेक.”

काय म्हणतात तुमच्या आई, असं दोन्यांनी विचारलं. मी आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, दुसरं काही सुचलं नाही. दोन्यांनी साखर तोंडात टाकली आणि आईचा हात आपल्या कपाळाला लावून धरला. तसाच धरून ठेवला.

मी तोरण सोडायला स्टुलावर चढलो तर त्यांनी मला खाली उतरवलं. “राहू दे. एका आईनं बांधलंय.” मग त्या आत गेल्या, खुंटीवरची पिशवी काढली आणि आईला दिली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून. त्यात अंडं आहे हे दोघींनाही ठाऊक होतं. आईनं पाव तिथंच उभ्यानं खाल्ला, सगळा. वाटेत मला म्हणाली की देवाला सांगीन, एवढं चालवून घे.

घरी जाताना ती खुशीत होती. बिचारीला भरून आलं, घरच्यासारखं कुणी केलं नसेल तिचं इतक्या वर्षांत, असं म्हणाली. मी हो म्हणालो. चारच दिवसांनी तिचं परतीचं विमान होतं. निघताना दोघी बेकरीच्या दारात गळ्यात पडून रडल्या. तोरण तोवर सुकायला लागलं होतं. ते काढू नको म्हणावं, सुकलं तरी चालतं, पुढच्या दसऱ्यालाच उतरवायचं, असं आईनं मला तिला सांगायला लावलं.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला सकाळी कोरेगावहून आईचा फोन आला. पोहोचल्याचं, पाण्याचं, भावजयीच्या गुडघ्याचं सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, “आला का रे तिचा पोरगा?”

मी सांगितलं, नाही अजून.

“येईल,” आई म्हणाली.

त्या संध्याकाळी मी बेकरीत गेलो. गावात घरोघर मेणबत्त्या लागल्या होत्या. दुकानाच्या दाराला तोरण नव्हतं. मला एकदम हायसं वाटलं, की चला, काढलं एकदाचं. मग आत गेलो. समोरच्या भिंतीला एक मेज मांडलं होतं, त्यावर पांढरं कापड, पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्त्या, आणि झेंडू, ढीगभर झेंडू. दोन्यांच्या आईवडिलांचे जुने फोटो. आणि मधोमध एक नवी चौकट. जेमतेम मिसरूड फुटलेला एक पोरगा, कपाळावर केस आलेले, हसताना एक डोळा बारीक झालेला. नाबोरला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याचा फोटो त्यांनी कधी बाहेर काढला नव्हता.

फोटोला आईचं तोरण घातलं होतं. संत्र्याची पानं काळी पडली होती. माझ्या डोळ्यांना दुसरं काही दिसलंच नाही, हार घातलेला फोटो दिसला. त्याचा अर्थ सांगायला मला मेक्सिकोचा रिवाज शिकावा लागत नव्हता. तो अर्थ कोरेगावातही तोच होता.

दोन्या ताटं पुसत होत्या.

“वाट मी बघू शकते,” त्या आपणहून म्हणाल्या. “माझं काय, मी आणखी वीस वर्षं बघीन. पण तो तिकडं असेल, आणि दर वर्षी त्याला वाट दाखवायला कुणीच फुलं लावत नसेल, तर? सगळे मेलेले घरी जात असतील आणि हाच पोरगा उन्हात उभा. तुमच्या आईनं लावली आणि मला कळलं, की मी हे इतकी वर्षं त्याला दिलं नाही.”

मग त्यांनी ताट ठेवलं, हात पुसले आणि म्हणाल्या, “तुमच्या बाजारात येते मी. कुठं सही करायची ते घेऊन या.”

पाटीचं काय, मी विचारलं. नाव तेच ठेवू, तशीच लाल अक्षरं करून घेऊ, भिंतही पिवळी रंगवू, साहेबबाईंना मी पटवतो.

“नको,” त्या म्हणाल्या. “ज्याच्यासाठी होती त्याला आता पाटी लागत नाही. तुम्हाला काय बरं दिसेल ते लिहा.”

पुढं तो बाजार चालला. चांगला चालला. जुन्या रस्त्यावरची ती माणसं पुन्हा उभी राहिली. दोन्यांच्या नव्या भट्टीवर चार बायका कामाला लागल्या, आणि आमच्या साहेबबाई गावोगावच्या बैठकांत त्या बेकरीचं उदाहरण देत, की बघा, सगळ्यांत जास्त नाही म्हणणारी बाई शेवटी कशी पटली. माझं नाव घेऊन मला उभं करत, लोक टाळ्या वाजवत. मी खाली मान घालून उभा राहायचो आणि त्यांना वाटायचं, माणूस विनयशील आहे. आईला मी कधी काही सांगितलं नाही. तिनं दर दसऱ्याला विचारलं, आणि मी दर दसऱ्याला नाही अजून म्हणालो. मागच्या वर्षी ती गेली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, तो येईल.

पण मला आठवते ती त्या संध्याकाळनंतरची सकाळ, नोव्हेंबरच्या तीन तारखेची. रात्रभर झोप नव्हती, म्हणून उजाडताच बेकरीत गेलो. पहिला मीच होतो. मेणबत्त्या विझल्या होत्या. फोटोपुढच्या बशीत नाबोरचा पाव होता, साखरेच्या नक्षीचा. सवयीनं माझी नजर गल्ल्यामागं गेली. खुंटी रिकामी होती. माझी नजर दोन्यांनी पाहिली. त्या जराशा हसल्या, ओशाळल्यासारख्या, आणि ताज्या ताटातला एक पाव उचलून त्यांनी पिशवीत घातला.

“आजपासून विकत घ्यावा लागेल,” त्या म्हणाल्या.

मी पैसे पुढं केले. त्यांनी ते घेतले आणि मोड परत दिली.